नखावरचा ठिपका

“कुठल्या पुस्तकातून उतरवलंस हे?” परीक्षकांनी विचारलं.

“पुस्तकातून नाही सर. मी स्वतः केलंय.”

“बरं. मग सुचलं कसं ते सांग.”

नेमकं तेच मला सांगता येत नव्हतं. माझ्यापुढच्या टेबलावर एक लाकडी चौकट होती. तिला सायकलच्या जुन्या ट्यूबची झोळी अडकवलेली होती, आणि त्या झोळीत मनगट ठेवून माझी मैत्रीण विद्या घरत बसली होती. मनगटाला बांधायचा एक कापडी पट्टा होता, त्यात शिशाच्या गोळ्या शिवलेल्या. विद्याने आधी हात थरथरल्याचं सोंग करायचं आणि पट्टा बांधला की थरथर थांबल्याचं सोंग करायचं, असं आमचं ठरलं होतं. पण विद्याच्या अंगात नाटक फार. ती खांद्यापासून अशी गदगदा हलली की टेबलावरची शाईची दौत कलंडता कलंडता वाचली आणि अख्खा हॉल खो खो हसला.

परीक्षक हसले नाहीत. ते अलिबागच्या कॉलेजातले प्राध्यापक होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून बघायचे. त्यांनी वस्तूवर डकवलेला पुठ्ठा मोठ्याने वाचला, “लिहिताना हात थरथरणाऱ्या माझ्या आजोबांसाठी. अरे वा. मग आजोबांनाच आणायचं होतंस.”

“ते वारले, सर.”

“कधी?”

घाबरल्यावर माझ्या तोंडून नको तेव्हा खरं निघतं. मी म्हणाले, “माझ्या जन्माच्या आधी.”

या वेळी हॉल जो हसला तो थांबेचना.

ही गोष्ट पेणची, शहाण्णव सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा नववीत होते. एका संस्थेने तालुक्यातल्या शाळांसाठी स्पर्धा ठेवली होती. कुणी निबंध लिहायचा, कुणी चित्र काढायचं, कुणी वस्तू बनवायची. विषय सगळ्यांना एकच, ‘माझी नवी कल्पना’. वस्तू बनवणारे आम्ही चौदा जण होतो. त्यांतल्या सहा जणांनी थर्माकोलच्या पवनचक्क्या आणल्या होत्या आणि तिघांनी ज्वालामुखी. ज्वालामुखीत नवीन काय, ते त्यांनाच ठाऊक. पहिला येणारा पुढच्या फेरीला पुण्याला जाणार होता, आणि पुण्यात आठ दिवस एका मोठ्या वर्कशॉपमध्ये हाताने काम करायला मिळणार होतं. मला त्या आठ दिवसांची आस लागली होती. रंधा, करवत, कानस यांचा वास मला पावडरीपेक्षा आवडायचा, म्हणून आई मला ‘सुताराची सून’ म्हणून चिडवायची.

कल्पना कशी सुचली ते न सांगण्याचं कारण असं, की ती माझ्या वडिलांच्या हातावरून सुचली होती.

माझे वडील विश्राम बांधणकर, आमचे आप्पा, काशिनाथशेठच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचे. साचा कुणीही भरतो, रंग शिकलेली मुलं देतात, पण डोळे आखायला कारखान्यात एकच माणूस असतो आणि त्याचा मान वेगळा असतो. आप्पा झीरो नंबरचा ब्रश शाईत बुडवायचे, त्याचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे आणि मगच मूर्तीला लावायचे. दिवसभर असं करून त्यांच्या त्या नखावर एक काळा ठिपका बसलेला असायचा. आंघोळ केली तरी जायचा नाही. लहानपणी मला वाटायचं, तो त्यांना जन्मापासूनच आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची. मग आई त्यांना चहा स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच द्यायला लागली आणि त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असं न बोलताच ठरलं. कारखान्यात एक जुना रिवाज होता, आखणी चालू असताना त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. त्या रिवाजाने आप्पांचं गुपित राखलं. ते पहाटे सगळ्यांच्या आधी जायचे, तेव्हा हात जरा बरा असायचा. श्वास धरून, कोपर गुडघ्याला दाबून ते डोळे आखायचे. संध्याकाळी घरी आले की मान धरलेली असायची.

हे बाहेर कळलं असतं तर काय झालं असतं, तेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांच्या आधी त्या खोलीत गोपाळमिस्त्री बसायचे. एकदा त्यांचा हात सरकला आणि एका मूर्तीचा डोळा तिरका झाला. मूर्ती नेणाऱ्याने ते बघितलं, गावभर केलं. शेठ वाईट नव्हता, पण दुसऱ्या दिवशी गोपाळमिस्त्री अंगणात पॉलिश पेपर घेऊन मूर्ती घासत बसलेले दिसले. थरथरत्या हाताने आखलेला डोळा देवाला चालत नाही, असं गिऱ्हाइकांना वाटतं. शेठ तरी गिऱ्हाइकाच्या पुढे काय करणार?

मला एक गंमत दिसली होती. पेला थरथरायचा, पण नळावरून भरलेली बादली आणताना आप्पांचा हात दगडासारखा असायचा. मी ते चार दिवस बघितलं. मग विद्याच्या वडिलांच्या मासेमारीच्या जुन्या जाळ्यातल्या शिशाच्या गोळ्या मागून आणल्या, आईच्या फाटक्या परकराच्या कापडात शिवल्या आणि पट्टा केला. बांधून बघितला तर नुसत्या वजनाने माझाच खांदा दुखायला लागला म्हणून मनगट तोलायला चौकट आणि झोळी केली. तीन वेळा मोडली, चौथ्यांदा जमली.

एका रविवारी दुपारी मी ती आप्पांपुढे ठेवली. ते जेवून सुपारी कातरत होते.

“काय गं बाय हे?”

“बसा तर खरं.”

त्यांनी माझ्या समाधानासाठी हात झोळीत ठेवला. मी पट्टा बांधला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी एक डोळा आखला. मग दुसरा. मग पानभर डोळे आखले. शेवटी ब्रश खाली ठेवून ते कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले. आई मोरीशी भांडी घासत होती, तीही थांबली.

“बरं झालंय,” आप्पा म्हणाले. एवढंच.

“मग उद्या कारखान्यात न्या ना.”

“नेलं तर दिसंल. दिसलं तर विचारतील, कशाला आणलास म्हणून.” त्यांनी पट्टा स्वतःच सोडला. “तू तुझ्या त्या स्पर्धेला दे हे. पण माझा हात मधी आणू नको.”

आई म्हणाली, “द्यायलाच नको. गाव काय आंधळं आहे?”

“देऊ दे गं. पोरीनं केलंय ते पोरीचं हाय. आजाचं नाव सांगेल.”

अशा रीतीने आजोबा जन्माला आले, आणि मी हॉलमध्ये चारशे माणसांपुढे तोंडघशी पडले.

त्या चारशे माणसांत, पहिल्या रांगेत, काशिनाथशेठ बसला होता. कप त्याने दिले होते म्हणून तो प्रमुख पाहुणा होता. हे मला तिथे गेल्यावरच कळलं. त्याच्यापुढे तर मला मेले तरी खरं सांगता येणार नव्हतं.

“हे बघ मुली,” परीक्षक म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. “वस्तू साधी असली तर चालते. दुसऱ्याची असलेली चालत नाही. आणि खोटं तर अजिबात नाही. आधी म्हणालीस आजोबांसाठी. ते तू बघितलेले नाहीत. मैत्रीण सोंग करतेय. मग हे कुणासाठी केलंस? चालतं हे तुला कसं कळलं? कुणाच्या हातावर बघितलंस?”

मी पट्ट्यातल्या गोळ्या बोटांनी चाचपत राहिले.

“बोल की.”

विद्या खालमानेने पुटपुटली, “सांग ना गं.” तिला ठाऊक नव्हतं. तिलाही मी सांगितलं नव्हतं.

“म्हणजे उतरवलेलंच आहे,” परीक्षक म्हणाले आणि त्यांनी हातातल्या कागदावर पेन टेकवलं.

मी रडले नाही, पण नाक लाल झालं असणार, कारण विद्याने मला तिचा रुमाल दिला. खोटारडी म्हणवून घेण्यापेक्षा ज्वालामुखी आणला असता तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

“हात माझा हाय, साहेब.”

आप्पा दोन रांगांच्या मधून येत होते. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा, जो ते फक्त लग्नाकार्याला घालायचे. मी मानेने नाही नाही म्हणत होते. ते माझ्याकडे बघतच नव्हते. टेबलाशी येऊन ते परीक्षकांना म्हणाले, “पोरगी खोटं बोलली ती माझ्यासाठी बोलली. वस्तू तिचीच हाय. मी आखणी करतो. माझा हात हलतो, म्हणून तिनं हे केलंय.”

हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं.

“लिहून दाखवाल?” परीक्षकांनी विचारलं.

“लिहिणं मला फारसं जमत नाय. डोळे आखून दाखवतो.”

विद्या उठली, आप्पा तिच्या जागी बसले. खिशातून कागदात गुंडाळलेला ब्रश काढला. तो त्यांच्या खिशात कायम असायचा. शाईत बुडवला, नखावर टेकवला, आणि उजेड कुठून येतोय ते बघावं तशी एकदाच मान वर केली. मग विद्याला म्हणाले, “बाय, दौत जरा अलीकडं सरकव.”

पहिल्यांदा त्यांनी पट्टा बांधलाच नाही. उघड्या हाताने रेघ ओढली. शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखी ती रेघ झाली. मी ती बघू शकले नाही. दोन वर्षं ते हे सगळ्यांपासून कसं झाकत होते ते मी बघितलं होतं, आणि आता त्यांनी तो कागद उचलून परीक्षकांपुढे धरला, मग हॉलकडे वळवला. मागच्या बाकांना दिसावा म्हणून हात उंच केला. तोही थरथरत होता.

मग मला म्हणाले, “बांध.”

मी बांधलेली गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. त्यांनी मनगट झोळीत ठेवलं, आणि त्या थरथरत्या रेघेच्या शेजारी गणपतीचा डोळा आखला. वरची पापणी एका दमात, खालची एका दमात, मधे बुबुळ, आणि बुबुळात पांढरा कवडसा सोडलेला. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

काशिनाथशेठ उठून टेबलाशी आला होता. त्याने कागद हातात घेतला.

“विश्राम, किती दिवस झाले?”

“दोन वर्षं, शेठ.”

“मला बोलला नाहीस.”

“नाय बोललो.”

शेठने मान हलवली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. पहिला नंबर माझा आला. कप शेठच्याच हातून मिळाला. फोटोत मी कप धरून उभी आहे, डोळे सुजलेले, आणि आप्पा फोटोत नाहीत, कारण ते चौकट दोरीने बांधत होते.

घरी येताना चौकट त्यांच्या खांद्यावर होती आणि कप माझ्या हातात. एसटी स्टँडपाशी मी कप दुसऱ्या हातात घेतला. मग विचारलं, “आप्पा, पहिल्याच रांगेत शेठ बसले होते. तुम्हाला दिसले नाहीत?”

“नाय गं,” ते म्हणाले. “उन्हातून आत आलो, डोळ्यांपुढे अंधारी. माणसं काय थोडी होती? आधी दिसले असते तर कशाला आलो असतो पुढं?”

“मग आता?”

“आता काय. हाय ते हाय.”

दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी ते कारखान्यातून आले तेव्हा केसांपासून पायांपर्यंत पांढरे झाले होते. प्लास्टरची भुकटी होती ती. आईने हातपाय धुवायला पाणी दिलं आणि त्यांचा डावा हात उलटा करून बघितला. नखं पांढरी होती. तिने हात सोडला आणि चुलीकडे गेली. त्या रात्रीपासून पुढे कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी तिला दोष देत नाही.

शेठ गोड बोलला होता. विश्राम, तू दमलास, आता जरा बाहेर मोकळ्या हवेत बस, आखणीला नरेश बसेल. नरेश म्हणजे आप्पांनीच शिकवलेला बावीस वर्षांचा मुलगा. चार दिवसांनी शेठने चौकट मागायला माणूस पाठवला. हात हलत नसलेल्या माणसालाही ती सोयीची पडेल, मनगट दुखणार नाही, दिवसाला जास्त डोळे होतील, असं नरेशचं म्हणणं होतं. आप्पांनी ती स्वतः पोहोचवली आणि कशी बसवायची ते त्याला दाखवूनही दिलं.

“कामाला आली की तुझी वस्तू,” ते मला म्हणाले. “अजून काय पायजे?”

मी पुण्याला गेले. ते आठ दिवस संपले तेव्हा वर्कशॉपच्या साहेबांनी दहावीनंतर ये म्हणून सांगितलं आणि मी गेलेही. आज मी तिथेच हातापायांचे आधार बनवते. अपघातात अधू झालेली, थरथरणारी माणसं येतात, त्यांच्या मापाचं काहीतरी करून देते. पोट त्या चौकटीवर चाललंय म्हणा ना. आणि आप्पा पुढे सोळा वर्षं अंगणात बसून मूर्ती घासत होते, गोपाळमिस्त्री बसायचे त्याच जागी.

घरचा गणपती आधी आप्पा स्वतः आखायचे. त्या वर्षापासून नरेशने आखलेला यायला लागला. आप्पा त्याला पाटावर बसवायचे, चार पावलं मागे जाऊन बघायचे आणि म्हणायचे, “डावा डोळा वर गेलाय जरासा.” मग आरतीला उभे राहायचे. दर वर्षी हेच. मी दर वर्षी ताटातलं निरांजन सावरण्याच्या निमित्ताने खाली बघायचे.

एवढी वर्षं माझ्या मनात एकच गोष्ट घर करून होती. आप्पांना शेठ दिसला नाही. मी त्यांना आधीच कसंही करून सांगायला हवं होतं, विद्याला दाराशी उभं करायला हवं होतं, निदान त्या क्षणी ओरडायला हवं होतं. माझ्या एका कपापायी त्यांनी नकळत स्वतःची खोली घालवली. तो कप आईने फडताळात ठेवला आणि त्यात सेफ्टी पिना टाकायला लागली. मला तेच बरं वाटायचं.

आप्पा गेल्या मार्गशीर्षात गेले. तेराव्याला टिपणीस बाई आल्या. या आमच्या विज्ञानाच्या बाई, स्पर्धेच्या दिवशी हॉलच्या दाराशी उभ्या राहून पाहुण्यांना फुलं देत होत्या. आता ऐंशी पार केलेल्या, हातात काठी. मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी फडताळातला कप ओळखला.

“अजून आहे वाटतं हा.”

“आहे बाई. आप्पांना तेव्हा शेठ दिसले असते तर हा घरात आलाच नसता.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “दिसले असते तर म्हणजे?”

“ते उन्हातून आले होते ना. त्यांना दिसलंच नाही पुढे कोण बसलंय ते.”

“कोण म्हणालं तुला?”

“तेच म्हणाले.”

बाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाल्या, “अगं, तुझे आप्पा तुला टेबलाशी बोलावण्याच्या तासभर आधी आले होते. मी म्हटलं, या, बसा. तर दाराशीच थांबले आणि मला विचारलं, ‘शेठ आलेत काय?’ मी म्हटलं, हे काय, पहिल्या रांगेत, तिसरी खुर्ची. तर म्हणाले, ‘मंग मी आत नाय येत बाई. खिडकीतनं बघतो. पोरीला बोलू नका, ती घाबरंल.’ तुझी उलटतपासणी चालली होती तेव्हा ते खिडकीचे गज धरून उभे होते. परीक्षक खोटं म्हणाले आणि हे दारातून आत यायला लागले. मीच अडवलं गं. म्हटलं, विश्राम, शेठ समोरच आहेत.”

“मग?”

“‘ठाऊक हाय’ म्हणाले. आणि गेले.”

“बाई, तुम्ही कधी बोलला नाहीत मला.”

“दुसऱ्या दिवशी ते शाळेत येऊन सांगून गेले होते, कधीच बोलू नका म्हणून. आता गेले, म्हणून बोलले.”

बाई चहा न घेताच उठल्या. मी त्यांना फाटकापर्यंत सोडलं, परत आले आणि फडताळापुढे उभी राहिले. सोळा वर्षं त्यांनी मूर्ती घासल्या, आणि माझ्यावर ओझं नको म्हणून ती खोटी अंधारी शेवटपर्यंत सांभाळली. मला रडू आलं ते इतक्या उशिरा, की ज्याच्यापुढे रडायचं तो माणूस घरात नव्हता.

मला ती टेबलावरची दौत आठवली. ब्रश नखावर टेकवून त्यांनी एकदाच मान वर केली होती. उजेड बघतायत असं मला वाटलं होतं. पण उजेड खिडकीतून, त्यांच्या पाठीमागून येत होता. समोर पहिली रांग होती, आणि त्या रांगेतली तिसरी खुर्ची. तिच्याकडे त्यांनी नीट बघून घेतलं. मग मान खाली घातली आणि विद्याला म्हणाले, “बाय, दौत जरा अलीकडं सरकव.”